नोंदणी आधी की नोकरी आधी? ऑक्युपेशनल थेरपीच्या नव्या पदवीधराला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.ओ.टी.एच. झालं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची (आजार, इजा किंवा अपंगत्व असताना रोजची कामं करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचाराची) पदवी, आणि इंटर्नशिप संपत आली. लहान मुलांच्या एका थेरपी केंद्राने "लगेच रुजू व्हा, नोंदणीचं नंतर बघू" असं सांगितलं आहे. थेरपिस्टांच्या संघटनेचं सदस्यत्व घेतलेलं आहे, तेवढ्यावर काम सुरू करता येईल का? दोन-तीन वर्षांनी परदेशात जायचा विचार आहे, तिथे इथली नोंदणी चालेल का? आणि आचारसंहिता म्हणून जे परीक्षेपुरतं पाठ केलं, त्याचा रोजच्या कामाशी संबंध काय?

पहिल्याचं उत्तर लगेच देते. नाही. नोंदणी हातात येईपर्यंत थेरपिस्ट म्हणून सही करू नका, बोर्डावर नाव लावू देऊ नका, स्वतंत्रपणे केस घेऊ नका. केंद्र कितीही चांगलं असो, तिथले लोक कितीही ओळखीचे असोत.

हा गोंधळ अनेकांचा होतो, कारण हातात तीन वेगवेगळे कागद येतात आणि तिन्ही एकाच तोलाचे वाटतात. पदवी सांगते की तुम्ही शिकलात. संघटनेचं सदस्यत्व सांगतं की तुम्ही व्यवसायबंधूंच्या मंडळात आहात. नोंदणीचा अर्थ मात्र असा की तुम्हाला काम करायला कायद्याने मुभा दिली आहे, आणि उद्या तुमच्याविरुद्ध तक्रार आली तर ती ऐकायला, चौकशी करायला आणि वेळ पडली तर तुमचं काम थांबवायला एक अधिकृत यंत्रणा आहे. संघटना फार तर सदस्यत्व काढून घेईल. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा दवाखाना उघडू शकता. नोंदणी करणाऱ्या सरकारमान्य परिषदेने नाव काढलं तर तसं करता येत नाही. फरक एवढाच, पण सगळं त्यातच आलं.

आपल्याकडे हा गोंधळ जुना असण्याला कारण आहे. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली कमला निंबकरांनी शिक्षण सुरू केलं, १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक सदस्यांत भारत होता. म्हणजे व्यवसाय आला, संघटना आली, पण कायदा पुढची कित्येक दशकं आलाच नाही. तोपर्यंत अभ्यासक्रमांना मान्यता देण्यापासून सगळं संघटनाच बघत होती, त्यामुळे "संघटनेचं कार्ड म्हणजेच नोंदणी" हे डोक्यात बसलं. दिल्लीचा कायदा १९९७ चा, महाराष्ट्रातला व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ चा. सबंध देशासाठी कायदा आला तो थेट २०२१ मध्ये, राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम. त्यात ऑक्युपेशनल थेरपीची स्वतंत्र वर्गवारी आहे, राज्य परिषदा आणि केंद्रीय रजिस्टर यांची तरतूद आहे, आणि आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३६०० तासांचं पदवीशिक्षण लागतं असं म्हटलं आहे. जुन्या राज्य कायद्यांकडून नव्या रचनेकडे जाण्याचा हा काळ आहे. म्हणून आज तुमच्या राज्यात अर्ज कुठे करायचा हे सीनियरला किंवा ग्रुपवर विचारू नका, परिषदेच्या कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

इतर देशांत ही गोष्ट आधीच झाली. न्यूझीलंडमध्ये १९४९ चा कायदा होता. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने ऑक्युपेशनल थेरपिस्टांची अधिकृत नोंदणी सुरू झाली, आज ते काम एच.सी.पी.सी. ही परिषद करते. ऑस्ट्रेलियात राज्याराज्यांचे वेगवेगळे नियम होते, १ जुलै २०१२ पासून देशभर एकच नोंदणी आली. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरची एन.बी.सी.ओ.टी. परीक्षा आणि तिच्यावर प्रत्येक राज्याचा स्वतंत्र परवाना, असा दुहेरी मामला आहे. रचना वेगळ्या, पण मूळ हेतू एकच: समोर बसलेल्या माणसाला तुमची पदवी खरी की खोटी, तुमचं ज्ञान ताजं की शिळं हे स्वतः तपासता येत नाही. ते काम त्याच्या वतीने कोणीतरी करावं म्हणून रजिस्टर. म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते सर्वांना ऑनलाइन पाहता येतं. रुग्ण नाव टाकतो आणि बघतो.

ब्रिटनमधली एक बारीक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. तिथे "ऑक्युपेशनल थेरपिस्ट" ही उपाधी संरक्षित आहे. एखाद्याने हाताचे व्यायाम घेतले, घरात आधाराचे दांडे कुठे लावावेत हे सांगितलं, तर तेवढ्याने गुन्हा होत नाही. तेच काम करताना त्याने नोंदणीशिवाय ही उपाधी लावली तर होतो. त्यामुळे तुमच्या केंद्राने "अहो, काम तर तेच आहे" म्हटलं तरी मुद्दा कामाचा राहत नाही. ज्या नावावर विसंबून पालक आपलं मूल तुमच्या हाती देतात, त्या नावाचा प्रश्न असतो.

केंद्राला घाई का आहे हे मला समजतं. वेटिंग लिस्ट आहे, माणूस हवा आहे. पण झोपाळ्यावरून मूल पडलं, डोक्याला लागलं, तर चौकशीत पहिला कागद मागितला जाईल तो तुमच्या नोंदणीचा. व्यावसायिक विमा कंपन्या साधारणपणे वैध नोंदणी गृहीत धरूनच पॉलिसी देतात, म्हणजे ज्या दिवशी विमा लागेल त्याच दिवशी तो हातचा जाईल. आणि तेव्हा केंद्र "आम्ही त्यांना कागद आणायला सांगितलं होतं" असं म्हणेल. म्हणतातच.

मग मधल्या काळात काय? तात्पुरती किंवा प्रोव्हिजनल नोंदणी तुमच्याकडे उपलब्ध असेल तर ती घ्या आणि तिच्या अटी वाचा. नसेल तर निरीक्षक म्हणून बसा, नोंदणीकृत थेरपिस्टच्या नजरेखाली मदतनीसाचं काम करा, पण नियुक्तिपत्रात पद तसंच लिहून घ्या आणि पालकांनाही तसंच सांगा. "ताई नवीन आहेत, शिकताहेत" हे ऐकून पालक पळून जात नाहीत. लपवलेलं नंतर कळलं तर जातात.

नोंदणी मिळाली म्हणजे संपलं, असंही नाही. तिचं नूतनीकरण असतं आणि त्याला सतत शिक्षणाची अट जोडलेली असते. ब्रिटनमध्ये दर दोन वर्षांनी नूतनीकरण होतं आणि त्या वेळी अडीच टक्के लोकांना निवडून त्यांच्याकडे शिक्षणाचा पुरावा मागतात. ऑस्ट्रेलियात वर्षाला किमान २० तास. अमेरिकेत एन.बी.सी.ओ.टी.चं प्रमाणपत्र चालू ठेवायला तीन वर्षांत ३६ युनिटं. ब्रिटनची पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिथे तास मोजत नाहीत. तुम्ही काय शिकलात, त्याने तुमच्या कामात काय बदललं आणि रुग्णाला काय फायदा झाला, हे विचारतात. रोज पक्षाघाताचे रुग्ण बघणारी व्यक्ती शनिवार-रविवार सेन्सरी इंटिग्रेशनच्या (मुख्यतः लहान मुलांसाठीच्या, संवेदनांवर आधारित उपचारपद्धतीच्या) कार्यशाळांना जाऊन प्रमाणपत्रं गोळा करते आणि भिंत भरते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. क्रेडिट मिळतात, रुग्णाच्या हातात काही पडत नाही. एक वही ठेवा. कार्यशाळेहून आल्यावर दोनच ओळी लिहा: सोमवारपासून मी काय वेगळं करणार, आणि महिन्याने, ते खरंच केलं का.

आता आचारसंहितेकडे येते. जागतिक महासंघाची संहिता आहे. अमेरिकन संघटनेच्या २०२० च्या संहितेत सहा तत्त्वं आहेत: हित साधणं, अपाय न करणं, स्वायत्तता, न्याय, सत्यता आणि निष्ठा. एच.सी.पी.सी.ची दहा मानकं आहेत, त्यांची सुधारित आवृत्ती १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. वाचायला सगळी गुळगुळीत. "रुग्णाच्या हिताला प्राधान्य द्या" याला नाही कोण म्हणेल? अडचण येते ती दोन चांगली तत्त्वं एकमेकांसमोर उभी राहतात तेव्हा, आणि आपल्या व्यवसायात ती फार साध्या जागी उभी राहतात. न्हाणीघरात, स्वयंपाकघरात, कपाटासमोर. शल्यविशारद माणसाला भूल देऊन उघडतो. आपण तो शुद्धीत असताना त्याच्या रोजच्या जगण्यात शिरतो.

उदाहरण घ्या. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या सत्तरीच्या आजी. आंघोळीचं मूल्यमापन करायचं आहे. मुलगा दारातच म्हणतो, "करून घ्या मॅडम, आमची काही हरकत नाही." आजी पलंगाच्या कडेला बसलेल्या, टॉवेल दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, नजर जमिनीकडे. संमतीच्या फॉर्मवर मुलाची सही आहे. कागद पूर्ण, संमती शून्य. इथे काय करायचं? मुलाला बाहेर बसायला सांगायचं. आजींच्या उंचीला येऊन, म्हणजे खाली बसून, त्यांना सांगायचं की मला तुम्हाला आंघोळ करताना बघायचं नाही. उंबरठा ओलांडताना कशाला धरता, स्टुलावर बसता-उठताना तोल कुठे जातो आणि नळापर्यंत हात पोचतो का, एवढंच बघायचं आहे. हे सगळं अंगावरच्या कपड्यांत, कोरड्या न्हाणीघरात होतं. मग विचारायचं, "चालेल का? मध्येच नको वाटलं तर थांबू." बहुतेक वेळा टॉवेल खाली येतो. नाही आला तर त्या दिवशी मूल्यमापन होत नाही आणि केसपेपरवर तसं लिहायचं.

संमती अशीच असते, ज्याचं शरीर त्याची, त्या कामापुरती, आणि कधीही मागे घेता येणारी. स्मृतिभ्रंश आहे म्हणून माणसाला काहीच ठरवता येत नाही असं धरू नका. त्याला घराचा व्यवहार कळत नसेल, पण आज कोणता सदरा घालायचा हे नक्की ठरवता येईल. निर्णयक्षमता त्या-त्या निर्णयापुरती तपासायची असते. लहान मुलांच्या बाबतीत कायदेशीर संमती पालकांची, पण चार वर्षांचं मूल शेव्हिंग फोममध्ये हात घालायला नाही म्हणत मागे सरकतंय आणि आपण मनगट धरून हात घालतोय, हा उपचार नव्हे. हे मी जरा जोरात लिहिते, कारण बालथेरपी केंद्रांत "सवय होईल" या नावाखाली ते सर्रास चालतं.

घरात शिरलं की सीमारेषांचा प्रश्न येतो. तुम्हाला कपाटं दिसतात, औषधं दिसतात, सुनेचं बोलणं ऐकू येतं. पैशांचे व्यवहार हाताळणं हा तर आपल्या उपचाराचाच भाग असतो. मेंदूला इजा झालेल्या माणसाला एटीएम वापरायला पुन्हा शिकवताना तो सहज म्हणतो, "तुम्हीच काढा ना, पिन सांगतो." पिन ऐकायचा नाही, ऐकू आला तर बदलायला सांगायचा, आणि सराव डमी कार्डावर किंवा घरच्या माणसाच्या उपस्थितीत. भेटवस्तूंबद्दल नियम एकच ठेवा: जी वस्तू घेतल्याचं केसपेपरवर लिहायला संकोच वाटेल ती घेऊ नका. रुग्णाशी वैयक्तिक संबंध हा विषय तर चर्चेचाही नाही. कॅनडात ऑंटेरियो प्रांतात उपचार संपल्यावरही एक वर्षापर्यंत ती व्यक्ती कायद्याने तुमची रुग्णच धरली जाते. कायदा एवढा कडक का, हे जिने महिनोन्महिने कोणाला कपडे घालायला, जेवायला, चालायला मदत केली आहे तिला समजावून सांगावं लागत नाही.

गोपनीयतेचा सगळ्यात मोठा शत्रू सध्या मोबाइल आहे. "बघा, तीन महिन्यांत किती प्रगती!" म्हणून मुलाचा व्हिडिओ केंद्राच्या पानावर चढतो. प्रवेशाच्या फॉर्ममधल्या बाराव्या ओळीत "छायाचित्रांना हरकत नाही" असं छापलेलं असतं आणि उपचार हवा असलेल्या पालकाने त्यावर सही केलेली असते. उपचाराच्या बदल्यात घेतलेली ही सही मी मोकळी संमती मानत नाही. चेहरा धूसर केला तरी आवाज ओळखू येतो, गणवेश ओळखू येतो. आणि ते मूल पंधरा वर्षांचं होईल तेव्हा त्याच्या वर्गमित्रांना तो व्हिडिओ सापडू शकतो, हे लक्षात ठेवा. सल्ला घेण्यासाठी थेरपिस्टांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केस टाकतानाही नाव, शाळा, रिपोर्टच्या कोपऱ्यातला नोंदणी क्रमांक हे सगळं आधी काढा.

पण गोपनीयता म्हणजे सगळं पोटात ठेवणं असंही नाही. कपडे बदलण्याचा सराव घेताना मुलाच्या अंगावरचे वळ आपल्याला दिसतात, जे शिक्षकांना कधीच दिसत नाहीत. भारतात मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार कळवणं बंधनकारक आहे. तिथे "पालकांनी सांगू नका म्हटलं" हे उत्तर चालत नाही. ऑस्ट्रेलियात तर सहकारी नशेत काम करत असेल, रुग्णाशी लैंगिक गैरवर्तन करत असेल किंवा मान्य मानकांपासून इतका दूर गेला असेल की लोकांना धोका आहे, तर तेही कळवणं नोंदणीकृत व्यक्तीचं कायदेशीर कर्तव्य आहे. आपल्याकडे यालाच चुगली म्हणतात.

केसपेपरबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण तक्रार आल्यावर तुमच्या बाजूने बोलणारा तोच असतो. "रुग्णाने सहकार्य केले नाही" ही ओळ मी हजार फायलींत वाचली असेन. हिचा काही उपयोग नाही, आणि तिच्यात रुग्णावर ठपकाही आहे. त्याऐवजी असं: "सकाळी १०.२० ला उजव्या हाताने पेला तोंडापर्यंत नेण्याचा सराव सुरू केला. तिसऱ्या वेळी खांदा दुखत असल्याचे सांगितले, पुढे करायचे नाही म्हणाले. सराव थांबवला. खांद्याची बाजूला उचलण्याची हालचाल ७० अंशांपर्यंत, त्यापुढे वेदना. डॉक्टरांना कळवले." पहिल्या ओळीत रुग्ण हट्टी आहे. दुसऱ्या नोंदीत त्याचा खांदा दुखतोय. नोंद त्याच दिवशी करा. उशीर झाला तर "उशिरा केलेली नोंद" असं लिहून आजचीच तारीख टाका. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही, पांढरी शाई कधीच नाही. आणि मागच्या आठवड्याची नोंद कॉपी-पेस्ट करू नका. सहा आठवडे एकच गुण लिहिलेला कागद वाचणाऱ्याला दोनच गोष्टी सांगतो: एकतर तुम्ही तपासलं नाही, किंवा उपचाराचा उपयोग होत नाही.

अहवाल लिहिताना जो दबाव येतो त्यासाठी तुम्हाला कॉलेजने तयार केलेलं नसतं. "थोडं कमी दाखवा, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी बसेल." "थोडं जास्त दाखवा, शाळा प्रवेश देईल." सांगणारा वाईट माणूस नसतो, थकलेला बाप असतो. हित साधणं आणि सत्यता ही दोन तत्त्वं इथे समोरासमोर येतात. माझं मत ठाम आहे, आकड्याला हात लावायचा नाही. एकदा लावला की तुमच्या सहीखालचा प्रत्येक आकडा संशयास्पद होतो, ज्यांना खरोखर गरज आहे त्यांचाही. पण आकड्यापलीकडे सत्य बरंच असतं आणि ते लिहायला आपण आळस करतो. "सदऱ्याची बटणं स्वतः लावतो" हे खरं. "सदऱ्याची बटणं लावायला पंचवीस मिनिटं लागतात, त्यानंतर हात थरथरतो आणि पुढचा अर्धा तास लेखणी धरता येत नाही" हेही खरंच, आणि शाळेला किंवा अपंगत्व ठरवणाऱ्या मंडळाला निर्णय घ्यायला उपयोगी आहे. चांगल्या दिवशी काय होतं, वाईट दिवशी काय होतं, कोणाच्या मदतीने, कोणत्या खोलीत, किती वेळात: हे सगळं लिहा. तो बाप जे मागत होता त्यातलं बरंचसं त्याला खरं लिहूनही मिळतं. उरलेलं मिळत नाही, आणि ते त्याला तोंडावर सांगावं लागतं.

क्षमतेची मर्यादा हा मुद्दा सगळे मान्य करतात आणि मूल्यमापनाचे फॉर्म झेरॉक्स करतात. रोजची कामं करण्याचं कौशल्य मोजणारं ए.एम.पी.एस.सारखं साधन प्रशिक्षण आणि परीक्षकाचं कॅलिब्रेशन झाल्याशिवाय वापरायचं नसतं. फॉर्म मिळाला म्हणून गुण देता येत नाहीत. कॉपीराइट असलेली साधनं विकत घ्यावी लागतात, आणि ती न घेणं ही नुसती काटकसर म्हणता येणार नाही. काम सोपवण्याचंही तसंच. स्नायुबंध जोडल्यानंतरचा स्प्लिंट (तो भाग स्थिर ठेवणारा आधार) सहायकाने बसवला तरी जबाबदारी तुमची. स्प्लिंट काढल्यावर त्वचेवरचा लालपणा वीस-तीस मिनिटांत गेला नाही तर पुन्हा बसवायचा नाही, मला बोलवायचं, हे सहायकाला सांगितलं होतं का, आणि सांगितल्याची नोंद आहे का, एवढंच चौकशीत विचारतात.

पैशांबद्दल थोडक्यात. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देऊ-घेऊ नका, व्हीलचेअर किंवा स्प्लिंटच्या दुकानाकडूनही नाही. चाळीस सत्रांचं पॅकेज विकलंत तर अठराव्या सत्राला उद्दिष्ट पूर्ण झाल्यावर काय करणार, हे आधी ठरवा. स्वमग्नता "बरी करतो" असं लिहिणाऱ्या केंद्रात नोकरी धरू नका.

लगेच रुजू व्हा म्हणणाऱ्या केंद्रात एका वेळी चार-चार मुलं दिली जातील, हेही बहुधा ओघानेच येईल. तेव्हा तोंडी कुरकुर करू नका, ईमेल लिहा: अमुक मुलाला एकास एक लक्ष लागतं, सध्याच्या वेळापत्रकात ते शक्य नाही, पडण्याचा धोका आहे, माझी सूचना अशी. धोका दिसल्यावर वेळीच आणि लेखी कळवणं हे सगळ्याच संहितांचं मागणं आहे. मालकाने ऐकलं नाही तरी तुम्ही कळवलं होतं याला अर्थ राहतो.

तक्रार झालीच तर? आधी हे समजून घ्या की परिषद शिक्षा देण्यासाठी बसलेली नसते. एच.सी.पी.सी.चं मंडळ विचारतं ते असं: या व्यक्तीची काम करण्याची पात्रता आज बाधित आहे का? कारण गैरवर्तन असू शकतं, अपुरं कौशल्य, न्यायालयाने ठरवलेला गुन्हा, आरोग्याची अडचण, किंवा दुसऱ्या परिषदेचा निर्णय. बाधा दिसली तर नोंदीवर ताकीद, अटींवर काम, एक वर्षापर्यंत निलंबन किंवा नाव काढून टाकणं, अशा चढत्या पायऱ्या. नाव काढलं की पाच वर्षं परत अर्ज करता येत नाही. "आज" या शब्दाला तिथे फार वजन आहे. घडलं ते कबूल केलं, रुग्णाला वेळीच सांगितलं, त्यातली उणीव शिकून भरून काढली आणि त्याचा पुरावा आहे, अशा माणसाकडे मंडळ वेगळ्या नजरेने बघतं. केसपेपर नंतर बदलणाऱ्याकडे वेगळ्या. मूळ चूक माफ होण्यासारखी असते, ती झाकायला केलेली दुरुस्ती अप्रामाणिकपणात मोडते आणि अप्रामाणिकपणा दुरुस्त झाला हे सिद्ध करणं फार अवघड. नोटीस आली तर फायलीला हात लावू नका, तिची प्रत काढून ठेवा, तक्रारदाराला फोन करू नका, विमा कंपनीला कळवा आणि मुदतीत उत्तर द्या.

राहिला परदेशाचा प्रश्न. इथली नोंदणी तिथे आपोआप चालत नाही, प्रत्येक देशाचं रजिस्टर वेगळं. ऑनलाइन थेरपीलाही हेच लागू होतं: रुग्ण ज्या ठिकाणी बसला आहे तिथली नोंदणी साधारणपणे लागते, तुम्ही कुठे बसला आहात याने फरक पडत नाही. हे न तपासता परदेशातल्या कुटुंबांना व्हिडिओवर सत्रं देणारे पुष्कळ आहेत, तुम्ही त्यात पडू नका. पण इथली नोंदणी उपयोगाची निश्चित आहे, कारण तिकडचं कार्यालय तुमच्या परिषदेकडून "गुड स्टँडिंग" म्हणजे तुमच्याविरुद्ध कारवाई झालेली नाही असं पत्र मागतं. नोंदणीशिवाय काढलेली दोन वर्षं तिथे अनुभव म्हणून दाखवायला गेलात तर तोच तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरेल.

त्यासाठीची तयारी आत्ताच करून ठेवा. जागतिक महासंघाच्या किमान मानकांनुसार पदवी शिक्षणात प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे किमान १००० तास हवेत. तुमचे तास कोणत्या विभागात किती झाले याचा तपशील इंटर्नशिप संपायच्या आत विभागप्रमुखांकडून सही-शिक्क्यासह घ्या. त्या वर्षीचा अभ्यासक्रम विषयवार तासांसह विद्यापीठाकडून प्रमाणित करून ठेवा, पाच वर्षांनी अभ्यासक्रम बदललेला असतो आणि जुना कोणाकडेच सापडत नाही. नाव पदवीवर, पासपोर्टवर आणि नोंदणीवर अक्षरशः सारखं आहे का ते बघा. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर परिषदेत त्याची नोंद लगेच करा, निम्मे अर्ज तिथेच अडकलेले मी पाहिले आहेत.